गोठ्यातल्या बाळाचं बारसं

पंजाबरावांनी जन्मात कुणाला कशाचा आग्रह केला नाही. इंझोरी आणि आसपासच्या गावांत तीस वर्षं ग्रामसेवक म्हणून काढलेल्या माणसाला आग्रह करायची वेळच येत नाही. लोक त्याला आग्रह करतात आणि तो 'पाहू' म्हणतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण तोंडातला 'पाहू' काही निवृत्त झाला नव्हता. एकुलती एक लेक ज्योत्स्ना पुण्याला दिलेली. तिलासुद्धा ते फोनवर कधी 'ये' म्हणाले नाहीत. "तुमच्या सोयीनं पाहा," एवढं म्हणायचे आणि फोन बायकोकडे, म्हणजे अंजनाबाईंकडे द्यायचे. मग मायलेकींचं बोलणं संपेपर्यंत टीव्हीचा आवाज बंद करून, चष्मा न लावता पेपर वाचत बसायचे.

आता सोयीचं म्हणाल तर ती काही होत नव्हती. दिवाळी तिच्या सासरची. उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्याचं ऊन लेकरांना सोसत नाही. राहता राहिली डिसेंबरातली शाळेची सुट्टी, आणि तीही दोन वर्षं हातची गेली, कारण पुण्यात त्यांच्या सोसायटीत ख्रिसमस असतो. झाड असतं, केक असतो, लाल टोपीवाला येतो. यंदाही ज्योत्स्नाचा फोन आला तो हेच सांगायला. "रूपा ऐकतच नाही गं आई. म्हणते, आजोबांकडे ख्रिसमस नसतो." रूपा सहा वर्षांची, धाकटा मुन्ना साडेतीन.

पंजाबरावांनी फोन बायकोच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतला. "कोन म्हनते नसते? आमच्याइथं बी असते. मोठा असते. तुमच्या सोयीनं पाहा."

फोन ठेवल्यावर अंजनाबाईंनी विचारलं, "आपल्या घरी कवापासून असते हो?"

"यंदापासून," पंजाबराव म्हणाले आणि कपाटातून कोरी फाईल काढायला गेले.

गावात ख्रिस्ती घर नव्हतं. पण सिस्टर विजयमाला होत्या. गावच्या उपकेंद्रात त्यांनी बारा वर्षं नर्स म्हणून काढली होती, ज्योत्स्नाचा जन्मही त्यांच्याच हातचा, आणि आता निवृत्त होऊन मंगरुळपीरला एकट्या राहत होत्या. पंजाबराव फाईल बगलेत मारून तिथे पोचले. त्यांनी कागदावर 'आवश्यक बाबी' असं लिहून खाली रेघ मारली आणि सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, तारा लागतो, झाड लागतं, केक लागतो आणि गव्हाण लागते.

"गव्हान?" पंजाबरावांचं पेन थांबलं. "म्हंजे ढोराईची?"

मग सिस्टरांनी सगळी कथा सांगितली. बाई दिवस भरलेली, नवरा सुतार, आणि सरकारी हुकूम निघालेला की शिरगणतीसाठी ज्यानं त्यानं आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवावं. हे ऐकून पंजाबराव खुर्चीत ताठ झाले. इतकी वर्षं हा सण आपल्या खात्याशी संबंधित आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोन शिरगणत्या त्यांनी स्वतः केल्या होत्या. पुढे त्या जोडप्याला गावात कुठेच जागा मिळाली नाही आणि बाळ गोठ्यात जन्मलं, गव्हाणीत निजवलं, हे ऐकल्यावर मात्र ते फार अस्वस्थ झाले. "बाहेरगावचे लोक येनार हे माहीत होतं ना? मंग मुक्कामाची व्यवस्था कराले नको? शाळेच्या दोन खोल्या उघडून द्यायच्या होत्या." दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या अज्ञात ग्रामसेवकाबद्दल ते परतीच्या एसटीत मानोऱ्याच्या फाट्यापर्यंत मनातल्या मनात ताशेरे लिहीत होते.

निघताना सिस्टर म्हणाल्या होत्या, "माझे दोघंही पोरं कुवेतला. पाच वर्षं झाली, नाताळाले घरात लेकराचा आवाज नाही. तारा मी एकटीच लावते." पंजाबरावांना वाईट वाटलं. त्यांना म्हणायचं होतं की तुम्ही आमच्याकडेच या. ते म्हणाले, "सोयीनं पाहा मंग." सिस्टर त्यांना पस्तीस वर्षं ओळखत होत्या, म्हणून त्यांनी ते आमंत्रण समजून घेतलं.

गव्हाण तर घरचीच होती, अगदी मागच्या गोठ्यात. तारा म्हणून दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावरून उतरवला. अडचण आली ती झाडाची. कारंजाच्या दुकानातलं प्लास्टिकचं झाड पंजाबरावांना पसंत पडलं नाही. शेतकऱ्यानं प्लास्टिकचं झाड विकत आणायचं, म्हणजे मग सातबारा कशाला ठेवायचा? त्यांनी शेतातून तुरीचं एक सरळसोट, माणसाच्या डोक्याएवढं उंच, शेंगांनी लदलेलं झाड उपटून आणलं, तेलाच्या डब्यात रोवलं आणि गोठ्यात उभं केलं. दिसत होतं खरोखर देखणं. हिरव्या शेंगा आपोआपच झुंबरासारख्या लोंबत होत्या. सकाळी गोठ्यात गेले तेव्हा डबा शाबूत होता आणि ढवळी गाय समाधानानं रवंथ करत होती. तिलाही बिचारीला कुणी सणाची कल्पना दिली नव्हती. दुसरं झाड पऱ्हाटीचं आणलं. वेचणीतून राहिलेला कापूस त्यावर पांढराशुभ्र फुटलेला होता, आणि रूपानं पुण्याहून फोटोत पाठवलेल्या बर्फाच्या झाडाशी ते इतकं जुळलं की पंजाबराव दिवसभर त्याच्याकडे येऊन येऊन पाहत होते. ढवळीला मात्र अंगणात बांधलं.

इथवर सगळं आटोक्यात होतं. मग शेजारच्या कस्तुराबाई कुंपणावरून डोकावल्या. गावातल्या रामनवमीचा आणि गोकुळाष्टमीचा पाळणा तीस वर्षं कस्तुराबाईंच्याच हातात होता. जन्म या विषयात त्यांच्या पुढे कुणी जात नसे.

"काय करून राह्यले पंजाबभाऊ?"

पंजाबरावांनी सांगितलं. कस्तुराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुद्द्याला हात घातला. "जन्म हाय म्हनता. मंग पाळना कुठी हाय?"

"पाळना नसते त्याइच्यात. गव्हान असते."

"पाळन्याबिगर जन्म होते काय कुठी? बायका कायच्याभोवती बसतीन? सुंठवडा कोन करून राह्यलं? अन् जन्म किती वाजता?"

"रात्री बाराले, असं सिस्टर म्हनतात."

"तवर लेकरं निजतात. दिवेलागनीले घेऊ," कस्तुराबाईंनी मुहूर्त दिला. "तुमी कंदील लावा. बाकी मी पाहतो."

बाकी त्यांनी इतकं पाहिलं की दुसऱ्या दिवशी गावातल्या साठ घरी आवतण पोचलं. साठ बायका म्हटल्यावर मांडव आला, मांडव रस्त्यावर आला, आणि रस्त्यावर मांडव म्हटल्यावर ग्रामपंचायतीचा अर्ज आला. आताचा ग्रामसेवक गणेश हा पंजाबरावांच्याच हाताखाली शिकलेला. "साहेब, तुमीच शिकवलं ना, अर्जाबिगर काई करायचं नाही," तो अदबीनं म्हणाला. स्वतःच्या जुन्या टेबलाच्या चुकीच्या बाजूला उभं राहून अर्ज लिहिणं काय असतं, ते पंजाबरावांना त्या दिवशी कळलं. त्यांनी नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: कारण, घरगुती जन्मसोहळा. जन्माचे ठिकाण, अर्जदाराचा गोठा. गणेशनं शिक्का मारून एक प्रत नियमाप्रमाणे फलकावर लावली.

आणि चोवीस तारखेच्या सकाळी लेकरं आली. जावईबापूंना सुट्टी नव्हती. ज्योत्स्ना दोघांना घेऊन कारंजाला ट्रॅव्हल्समधून उतरली. मुक्काम पाच दिवसांचा, अठ्ठावीसच्या संध्याकाळचं परतीचं तिकीट तिनं आधीच काढलेलं होतं. पंजाबरावांनी ते मोबाईलवर पाहून "बरं केलं" म्हटलं आणि मुन्नाला खांद्यावर घेतलं. दोन वर्षांत तो बराच जड झाला होता.

पंचवीसची दिवेलागण. गोठा सारवलेला, गव्हाणीत कुटाराचं मऊ भुसकट, वर कंदील, बाजूला कापसाचं झाड, आणि मधोमध देवळातला पाळणा. बाळ कुठलं, हा प्रश्न ऐनवेळी निघाला. कस्तुराबाई देवळातला रांगता कृष्ण आणायला निघाल्या होत्या, पण "त्याचा वाढदिवस येगळा असते" म्हणून पंजाबरावांनी थांबवलं. तेव्हा रूपानं आपली नवीकोरी बाहुली पुढे केली. तिचं अजून नावही ठेवलेलं नव्हतं. अंजनाबाईंनी तिचा झगा काढून तिला जुन्या धोतराचं लंगोट बांधलं, डोक्यावर कुंची घातली. निळ्या डोळ्यांची ती बाहुली कुंचीत थेट इंझोरीची दिसायला लागली.

साठ बायका पाळणा म्हणायला बसल्या. सिस्टर विजयमाला पांढरी साडी नेसून एसटीनं आल्या होत्या. आपल्या सणाला एवढी माणसं त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी एकट्यानं नाताळचं मराठी गाणं म्हटलं, आणि दुसऱ्या कडव्याला बायकांनी टाळ्यांचा ठेका असा धरला की सिस्टरांना तिसरं कडवं डोळे पुसत म्हणावं लागलं. सुंठवडा वाटला. मुन्ना लाल टोपीवाल्यासाठी रडायला लागला, तेव्हा पंजाबराव आत गेले आणि लेकीच्या लग्नातला लाल फेटा बांधून, खांद्यावर पोतं घेऊन बाहेर आले. पोत्यात बोरं, उसाच्या कांड्या आणि हरभऱ्याचे डहाळे होते.

"सँटा, तुझी दाढी कुठे?" मुन्नानं विचारलं.

"सकाळीच केली," पंजाबराव म्हणाले.

रात्री अंथरुणात रूपा म्हणाली, "आजोबा, आमच्या सोसायटीत बाळ नसतंच. नुसतं झाड असतं." पंजाबरावांना इतका आनंद झाला की त्यांनी उगाचच खोकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आशाताई उज्ज्वला उभी. हातात वजनाचा काटा, झोळी आणि रजिस्टर, चेहरा रडवेला. "साहेब, तुमी तरी असं करावं काय? गावात चार वर्षांत घरी बाळंतपण नाही. अन् तुमच्या घरी थेट गोठ्यात? फलकावर लागलं हाय. मले तालुक्यावरून फोन आला."

पंजाबराव बोलायच्या आधी रूपानं बाळ आणून तिच्या हातात दिलं. उज्ज्वलानं बाळाकडे पाहिलं, पंजाबरावांकडे पाहिलं, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना. पण रूपा गंभीर होती. तिला वजन करून हवं होतं. शेवटी उज्ज्वलानं झोळीत बाळ घालून काटा धरला. "तीनशे ग्रॅम. लयच कमी. याले ऊबेत ठेवा, बाहेर काढू नका. मी पुन्हा येईन. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या अन् बेचाळिसाव्या."

रूपानं ते सगळे आकडे बोटांवर घोकून पाठ केले. एवढ्यात कस्तुराबाईंनी आपला भाग जोडला. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची. बाराव्या दिवशी बारसं. तोवर बाळानं घराचा उंबरा ओलांडायचा नाही. आणि बारशाला नाव ठेवते ती आत्या. "कोन हाय बाळाची आत्या?"

"मी," रूपा म्हणाली.

त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आलं नाही की रूपाला बोटांवर मोजता येतं. सत्तावीस तारखेला ज्योत्स्नानं बॅग काढली तेव्हा रूपा घरात आणलेल्या पाळण्याची दोरी धरून बसली. "आपल्याला जाता येणार नाही. पाचवी एकोणतीसला आहे. बारसं पाच तारखेला. आणि आशाताई फेब्रुवारीपर्यंत येणार आहे." ज्योत्स्नानं समजावलं, दटावलं, मग दिवस कमी करून मिळतील या आशेनं सिस्टरांना फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, बायबलात आठव्या दिवशी नाव ठेवल्याचं आहे. आठवा दिवस एक तारखेला येत होता. कस्तुराबाईंनी कुंपणापलीकडून "आमच्याइथं बारावाच" असं सांगून तोही निकालात काढला.

ज्योत्स्ना गोठ्यात आली. पंजाबराव ढवळीला पेंड घालत होते.

"बाबा, हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"मी काय केलं? मी त ख्रिसमस केला."

"आम्ही राहावं असं वाटत असेल तर सरळ 'राहा' म्हणा ना. माझी सुट्टी वाढेल, मी विचारते. पण तुम्ही म्हणा."

ती उभी होती. पंजाबरावांच्या जिभेवर 'राहा' आलं होतं. लहानपणी शाळेतून आली की ती याच दाराशी अशीच उभी राहायची, बाबा 'काय झालं' विचारतील म्हणून, हेही त्यांना आठवलं. आणि तीस वर्षांच्या नोकरीनं त्यांच्या तोंडून म्हणवून घेतलं, "मी कायले म्हनू? तुमची सोय तुमी पाहा."

ज्योत्स्ना घरात गेली. पंजाबराव बराच वेळ पेंड घालत राहिले. गाईनं खाणं थांबवलं तरी ते घालतच होते.

अठ्ठावीसला पाच वाजता कारंजाहून गाडी सुटली. बाळाला बाहेर काढायचं नाही म्हणून रूपानं बाहुली पाळण्यातच ठेवली आणि वाटभर बोटांवर दिवस मोजत राहिली. पंजाबरावांनी बॅगा चढवल्या, ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितलं, मागचं टायर पायानं दाबून पाहिलं, आणि गाडी हलली तरी ते त्या टायरच्या जागीच उभे राहिले. "धूळ लय झाली या रस्त्यानं," ते घरी येईपर्यंत अंजनाबाईंना दोनदा म्हणाले. अंजनाबाई बरं म्हणाल्या.

घर असं रिकामं झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. आजवर ते कधी ऐकू आलं नव्हतं. मात्र आता रोज संध्याकाळी पुण्याहून फोन यायचा, आणि तो थेट पंजाबरावांनाच असायचा. बाळ झोपलं का, कुंची बदलली का, ऊब आहे का. पंजाबराव खोटं बोलत नसत, त्यामुळे त्यांना रोज खरोखर कुंची बदलावी लागायची. एकोणतीसला पाचवी झाली. एकतीसला उज्ज्वला सातव्या दिवसाची भेट म्हणून चहाला येऊन गेली. अंजनाबाईंनी एकदा त्यांना पाळण्याला झोका देताना पाहिलं आणि तशाच परत फिरल्या.

पाच तारखेला बारसं. कस्तुराबाईंनी बायका जमवल्या, दारात पुन्हा मांडव घातला, सिस्टर आणि गणेश आले, घुगऱ्या शिजल्या. आत्या पुण्यात असल्यामुळे नाव फोनवरून ठेवायचं ठरलं. शाळा सुटल्यावर रूपाचा व्हिडिओ फोन आला. तिनं परकर-पोलकं घातलं होतं. मागे ज्योत्स्ना फोन धरून उभी होती. तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. कस्तुराबाईंनी कुर्र केलं, बायकांनी आत्याच्या पाठीत हलके धपाटे घालायचे तर ती पुण्यात, म्हणून ते पंजाबरावांना घातले, आणि पंजाबरावांनी वाकून फोन बाळाच्या कानाशी धरला.

रूपा फोनला तोंड लावून कुजबुजली. पण व्हिडिओ फोनचा आवाज मोठाच असतो, हे तिला माहीत नव्हतं आणि तो बारीक कसा करायचा हे पंजाबरावांना. साठ बायकांनी प्रत्येक शब्द ऐकला.

"बाळा, मी तुझी आत्या. तुझं नाव मी आल्यावर ठेवीन. फोनवर ठेवत नाहीत. तू तोवर रडू नकोस हं. आजोबा रडतात. गाडी सुटली ना, की टायरपाशी उभे राहून रडतात. त्यांना वाटतं काचेतून दिसत नाही. आई पण रडली गाडीत. आजोबा कधीच 'राहा' म्हणत नाहीत ना, म्हणून. तू त्यांना म्हणायला शिकव."

कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला. गणेश मांडवाच्या खांबाकडे पाहत राहिला. ज्या माणसापुढे गाव तीस वर्षं अदबीनं उभं राहिलं, तो आज साठ बायकांच्या मधोमध पाळण्यावर वाकलेला होता आणि त्याला सरळ होता येत नव्हतं, कारण सरळ झालं की तोंड दिसणार होतं. फोन बाळाच्या कानाशीच होता. पंजाबराव तसेच वाकून त्या फोनशी बोलले.

"ज्योत्स्ना. मले करमत नाही वं माय. लेकराईबिगर नाही करमत, अन् तुह्याबिगर त बिलकुलच नाही. माही सोय पाहा अन् ये. राहाले ये."

फोन बंद पडला असं वाटून अंजनाबाई पुढे झाल्या. मग पुण्यात बारा वर्षं राहिलेल्या त्यांच्या लेकीचा आवाज आला.

"हे त्या दिवशी काहून नाही सांगतलं बाबा तुमी? मी बॅग उघडी ठेवून रात्रभर वाट पाहत बसली होती."